सुट्टीत जायचं कुठे? बालगृहातून तंत्रनिकेतनात गेलेल्या एका मुलाचं प्रकरण

बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलणं निघालं की सगळे आधी फीचा विषय काढतात. मीही तेच करायचे. हे प्रकरण लिहिते आहे कारण यातल्या मुलाची फी भरलेली होती, वसतिगृहात खोली होती, मेसचे पैसेही दिलेले होते. तरीही दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तो शिक्षणातून जवळजवळ सुटला होता. त्याचं नाव बदललं आहे, जिल्हा आणि संस्था सांगत नाही. हे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलं आणि त्याने सांगितलेल्या दोन दुरुस्त्या केल्या.

पार्श्वभूमी

दिनेश सहा वर्षांचा असताना बालगृहात आला. गाव मराठवाड्यातलं. वडील वारल्यावर आई मुकादमाची उचल फेडायला कर्नाटकात ऊसतोडीला गेली. एक हंगाम ती परत आली, पुढच्या हंगामानंतर तिचा पत्ता लागला नाही. चुलत्याने वर्षभर सांभाळलं आणि मग बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, उभं केलं. चुलत्याला दोष देत बसत नाही. त्याची स्वतःची चार लेकरं होती आणि कोरडवाहू दोन एकर.

दहावीला दिनेशला 71 टक्के पडले. बालगृहातल्या पंख्यांची, ट्यूबलाइटची सगळी दुरुस्ती तोच करायचा, त्यामुळे इलेक्ट्रिकल डिप्लोमा हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं. नव्वद किलोमीटरवरच्या तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. जाताना बालगृहातली पत्र्याची पेटी बरोबर नेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने 27 लिहिलेली. बालगृहात कपड्यांवर, ताटावर, पेटीवर प्रत्येकाचा नंबर असतो.

बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांबरोबर काम करणारी आमची संस्था छोटी आहे. तीन कार्यकर्ते आणि दोन जिल्हे. पहिल्या वर्षापासून दिनेश माझ्याकडे होता, म्हणजे आठवड्याला एक फोन आणि दीड-दोन महिन्यांतून एक भेट. पहिलं वर्ष चांगलं गेलं. गणितात जेमतेम पास झाला, बाकी ठीक. दिवाळीला आणि उन्हाळ्यात तो बालगृहात जायचा. तिथली लहान मुलं त्याची वाट बघायची, कारण तो आला की बंद पडलेला टीव्ही सुरू व्हायचा.

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली.

कायद्यात काय आहे

बाल न्याय अधिनियम 2015 नुसार बालगृह अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यावरचा आधार, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात आफ्टरकेअर म्हणतो. अपवादात्मक परिस्थितीत ते 23 पर्यंत वाढवता येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवायचा, असंही नियमात आहे.

दिनेशचा आराखडा झाला होता, पण एका पानाचा. त्यावर लिहिलं होतं: ‘मुलगा तंत्रनिकेतनात शिकत असून वसतिगृहात राहतो. निवासाची अडचण नाही.’ त्या पानावर सूचक म्हणून माझी सही आहे.

राज्यात 2018 पासून अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. लोकांना वाटतं, बालगृहातलं प्रत्येक मूल त्यात बसतं. तसं नाही. बालगृहातली कितीतरी मुलं कागदावर अनाथ नसतात, कारण एक पालक कुठेतरी असतो. अनाथ प्रमाणपत्राला दोन्ही पालक नसल्याचा पुरावा लागतो. दिनेशची आई हयात आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते दार त्याच्यासाठी बंदच राहिलं.

अडचण

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. वसतिगृह आणि मेस बारा दिवस बंद राहणार अशी नोटीस लागली. खोल्या रिकाम्या करायच्या, कारण रंगकाम होतं. मुलं दोन दिवसांत गावाला गेली. रेक्टरसरांनी दिनेशला विचारलं, तेव्हा त्याने “मामाकडे जातो” असं सांगितलं. त्याला मामा नाही.

बालगृहात आता राहता येणार नव्हतं. अठरा वर्षांवरच्या मुलाला लहान मुलांबरोबर ठेवायचं नाही, आणि हा नियम योग्यच आहे. मी दिवाळीच्या आठ दिवस आधी त्याला फोन केला होता. “पैसे आहेत ना रे?” असं विचारलं. “आहेत ताई,” म्हणाला. खरंच होते, सातशे रुपये. मी समाधानाने फोन ठेवला.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. पेटी त्याने तिथल्या काकांकडे ठेवली आणि दोन रात्री एसटी स्टँडवर काढल्या. तिसऱ्या दिवशी एका केटररकडे कामाला लागला. दिवसाला चारशे रुपये, दोन वेळचं जेवण, झोपायला मंडपाचं गोदाम. वसतिगृह उघडलं तेव्हा तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, पुढच्या तारखांची कामं केटररने घेऊन ठेवली होती आणि दिनेशने त्याला येतो म्हणून शब्द दिला होता. आणखी एक गोष्ट होती. सुट्टीनंतर मुलं फराळाचे डबे घेऊन येतात, एकमेकांना चकल्या वाटतात. “मी काय घेऊन जाऊ?” असं त्याने मला बऱ्याच दिवसांनी विचारलं.

तो आणखी सोळा दिवस गेलाच नाही. ते दिवस सबमिशनचे. मॅन्युअलवर सह्या घ्यायच्या, मायक्रो प्रोजेक्ट द्यायचा, प्रॅक्टिकल पूर्ण करायची. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आणि डिटेन यादीत, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या मुलांच्या यादीत, त्याचं नाव लागायची वेळ आली. गैरहजेरीचे मेसेज पालकांच्या मोबाइलवर जातात. दिनेशच्या फॉर्मवर पालक म्हणून बालगृहाच्या ज्या अधीक्षकांचा नंबर होता, त्यांची जूनमध्येच बदली झाली होती. मेसेज दुसऱ्या जिल्ह्यात जात होते. ते सर भले गृहस्थ, पण त्यांना वाटलं, नवीन अधीक्षक बघत असतील.

शेवटी फोन आला तो झेरॉक्सवाल्या काकांचा. “तुमच्या पोराची पेटी माझ्याकडं हाये म्हैनाभर. नंबर देऊन गेलता, कुणी विचारलं तर या ताईंना फोन करा म्हणून. कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच केला.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. केटररच्या गोदामाबाहेर दिनेश पातेली घासत होता. कोपरापर्यंत राख आणि तेल. मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“दिवाळीत तुम्ही घरी असता ना, ताई.”

कोणते मार्ग समोर होते

चार दिवसांनी झेरॉक्सच्या दुकानातच बसलो. दिनेश, मी, रेक्टरसर आणि अधूनमधून गिऱ्हाईक बघत काका. तंत्रनिकेतनाच्या ऑफिसात बसायला दिनेश तयार नव्हता.

पहिला मार्ग त्याचाच होता. डिप्लोमा सोडायचा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी हेल्पर म्हणून लागायचं. बालगृहातलाच एक मोठा मुलगा तिथे होता, खोलीत जागा देणार होता. मला हे लगेच खोडून काढावंसं वाटलं, पण त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं ते बरं झालं. त्याला नोकरीची फारशी ओढ नव्हती, त्या खोलीची होती. ती खोली बारा महिने उघडी असते, दिवाळीतही, असं तो दोनदा म्हणाला. तिथपर्यंत मी त्याच्या डोक्यातला प्रश्न पैशाचाच आहे असं धरून चालले होते.

दुसरा मार्ग शासकीय अनुरक्षण गृहाचा. तिथे निवास आणि जेवण दोन्ही मिळालं असतं. पण आमच्या जिल्ह्यात ते नव्हतं. दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे सत्राच्या मध्यावर कॉलेज बदलायचं. बदली मिळेल का, जागा असेल का, गेलेलं सत्र कसं भरून निघेल, यातलं काहीच हातात नव्हतं. ज्या मुलाचं शिक्षण अजून सुरू व्हायचं आहे त्याच्यासाठी हा मार्ग मी आजही आधी बघेन. दिनेशसाठी उशीर झाला होता.

आयटीआयचाही विचार झाला. इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं, पुढे वाटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मार्ग वाईट नाही. पण दिनेश त्या दुसऱ्या वर्षातच होता. दोन वर्षं घालवून तिथेच परत यायचं, याला अर्थ नव्हता.

मग उरले दोन. एक, वसतिगृह चालू ठेवायचं आणि सुट्टीपुरतं एखादं घर शोधायचं. दुसरा, वसतिगृह सोडून बाहेर बारमाही खोली घ्यायची. खोलीला खर्च जास्त, देखरेख कमी. अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने राहायला सोडायचं, याला आमच्या संस्थेतच विरोध होता. म्हणून आधी घराचा मार्ग घेतला. तो निर्णय माझा होता.

काय केलं

सगळ्यात आधी हजेरी. मी आणि रेक्टरसर प्राचार्यांना भेटलो. मुलगा कुठे होता आणि का होता, हे अर्जात स्पष्ट लिहिलं. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट आणायचा सल्ला आम्हाला दोघांनी दिला होता. दिनेशच नको म्हणाला. प्राचार्यांनी राहिलेली प्रॅक्टिकल दहा दिवसांत पूर्ण करण्याच्या अटीवर टर्म ग्रँट केली, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी दिली. दोन सरांनी संध्याकाळी लॅब उघडी ठेवली. त्या दहा दिवसांत काकांनी त्याची एकही झेरॉक्स पैशाने केली नाही.

पालकाचा नंबर बदलला. आधी माझा एकटीचा देणार होतो, मग दोन दिले: माझा आणि काकांचा. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हाताने ‘काका’ लिहिलं.

अनुरक्षणाचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात दिला. हा अर्ज खरं तर जूनमध्ये जायला हवा होता. पैसे खात्यात यायला पुढचा मार्च उजाडला. तोवर संस्थेने आणि एका निवृत्त शिक्षिकेने मिळून भागवलं.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचं जरा विस्ताराने सांगते, कारण इथे खूप मुलं अडकतात. कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी विचारतो, कुटुंबप्रमुख कोण? रेशनकार्ड कुठे? ‘आई आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही’ याला अर्जात रकाना नव्हता. पहिल्या वर्षी बालगृहाने आपल्या लेटरहेडवर कसंबसं निभावलं होतं. आता तो बालगृहाचाही नव्हता. शेवटी बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत, बालगृहात किती वर्षं राहिला त्याचं प्रमाणपत्र आणि स्वयंघोषणापत्र घेऊन तहसील कार्यालयात चार खेपा घातल्या. चौथ्या वेळी नायब तहसीलदार बाईंनी सगळे कागद स्वतः वाचले आणि दाखला निघाला.

अमेरिकेत सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात एक प्रश्न असतो: वय तेरा झाल्यानंतर कधी तुम्ही सरकारी देखभालीत, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये होता का? उत्तर हो असेल तर आईवडिलांचं उत्पन्न विचारतच नाहीत. कॅलिफोर्नियात 2012 पासून अशा मुलांची देखभाल 21 पर्यंत वाढवता येते, आणि तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयांत, त्यांच्यासाठी ‘नेक्स्टअप’ नावाचा वेगळा कार्यक्रम चालतो. त्या देशाचं सगळं आपल्याला लागू होणार नाही. पण तो एक प्रश्न आपल्या अर्जात आला, तर तहसीलच्या चार खेपा वाचतील, एवढं मी अनुभवाने सांगते.

आता घराबद्दल. उन्हाळी परीक्षेनंतर वसतिगृह पुन्हा बंद झालं. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दिनेशला महिनाभर ठेवून घ्यायला आनंदाने तयार झालं. अतिशय प्रेमळ माणसं. त्यांनी त्याला वेगळी खोली दिली, आमरस केला, नवीन शर्ट आणला. पाचव्या दिवशी तो पेटी घेऊन काकांच्या दुकानात परत आला.

कुणी काही बोललं नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, तिथं पाणी प्यायचं तरी विचारावं लागायचं.” त्यांनी विचारायला लावलं नव्हतं, तोच विचारत होता. बारा वर्षं ज्याने घंटा वाजली की ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, त्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात घालून ग्लास कसा घ्यायचा ते कुठे माहीत? त्या कुटुंबाला वाईट वाटलं. मी ते आधी ओळखायला हवं होतं.

मग जूनमध्ये खोली घेतली. कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर, पत्र्याचं छत, बाहेर नळ. भाडं 3600. दिनेश आणि दुसऱ्या दोन संस्थांतून बाहेर पडलेली दोन मुलं, प्रत्येकी 1200. घरमालक बालगृहाचं नाव ऐकून आधी मागे सरकला होता. काका हमी राहिले. तिघांना तीन किल्ल्या करून दिल्या. दिनेशने त्याची किल्ली करगोट्याला बांधली आणि बरेच दिवस तशीच ठेवली.

देखरेखीचा प्रश्न होताच. आम्ही दर रविवारी हिशेबाची वही बघायची असं ठरवलं. दिनेशच्या वहीतलं पहिलं पान माझ्याकडे फोटोत आहे: भाडं 1200, गॅस 310, तांदूळ-डाळ 740, रिचार्ज 239, ड्रॉइंग शीट 60, ‘कुलूप (चांगलं) 180’.

परिणाम

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत दिनेशचे दोन विषय राहिले, त्यातला एक इलेक्ट्रिकल सर्किट्स. एक उन्हाळ्यात सुटला, सर्किट्स पुढच्या हिवाळ्यात. डिप्लोमा वेळेत पूर्ण झाला, 64 टक्के. कॅम्पसमध्ये निवड झाली नाही. आता तो एका कारखान्यात देखभाल विभागात अप्रेंटिस आहे, स्टायपेंड मिळतो, आणि खोली तीच आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. खोलीतल्या तिघांपैकी एकाने तिसऱ्याच महिन्यात कॉलेज सोडलं आणि दोन महिन्यांचं भाडं थकवून निघून गेला. त्याला आम्ही परत आणू शकलो नाही. तो कुठे आहे तेही आज माहीत नाही. त्याच्या बाबतीत खोली होती, पैसे होते, पण आमच्यापैकी कुणाशी त्याचं नातंच तयार झालं नव्हतं. तो दुसऱ्या जिल्ह्यातून आला, आणि आम्ही त्याला रिकामी कॉट भरायला घेतलं होतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

अठरावा वाढदिवस शैक्षणिक वर्षाच्या कुठल्या महिन्यात पडतो, हे मी प्रवेशाच्या वेळीच बघेन. दिनेशचा ऑगस्टमध्ये पडला, म्हणजे दिवाळीच्या तीन महिने आधी. हे दोन वर्षं आधीपासून कळत होतं. कॉलेजचं वेळापत्रक आणि समितीचा आदेश हे दोन कागद मी कधी शेजारी ठेवले नाहीत. आता प्रत्येक मुलाच्या आराखड्याला वसतिगृह बंद असण्याचे दिवस जोडतो आणि त्या प्रत्येक दिवसापुढे पत्ता लिहितो. पत्ता सापडला नाही तर आराखड्यावर सही करत नाही. यावरून कार्यालयात वाद झाले आहेत, कारण सहीवाचून फाइल अडते. अडू देते.

फोनवर “पैसे आहेत ना?” हा प्रश्न पहिला विचारत नाही. “या रविवारी जेवलास कुठे?” असं विचारते. त्याला ‘आहेत’ असं उत्तर देऊन सुटता येत नाही.

बदली झालेल्या माणसाचा नंबर फॉर्मवरून बदलणं, हे तर दोन मिनिटांचं काम होतं. दर जूनमध्ये आता नंबर लावून बघतो.

कुटुंबात ठेवण्याचा मार्ग मी पूर्ण सोडलेला नाही. त्यानंतर एका मुलीसाठी तो फार चांगला ठरला. पण ती त्या घरी आधी वर्षभर दर महिन्याला जेवायला जात होती, आणि त्या घरातला चहा तीच करायची. महिनाभराच्या मुक्कामाने सुरुवात करणं ही माझी चूक होती.

वसतिगृहाबद्दल एक म्हणणं आहे. सुट्टीत अख्खं वसतिगृह उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाही. दोन खोल्या, एक पहारेकरी आणि गॅसची शेगडी एवढं पुरतं. रेक्टरसरांनी तसा प्रस्ताव त्यांच्या प्राचार्यांना दिला. मागच्या दिवाळीत एक खोली उघडी राहिली आणि तिथे चार मुलं राहिली. त्यातली दोन बालगृहातली नव्हतीच. एकाच्या घरी रोज दारू आणि मारहाण होती, दुसऱ्याचे आईवडील तोडीवर गेलेले होते.

खोलीतली तिसरी कॉट मधल्या काळात एका मुलाने घेतली होती, तो आता जूनमध्ये जातो आहे. घरमालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दिनेशने त्याला थांबवून ठेवलं आहे, कारण त्याच्या बालगृहातल्या एका मुलाला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतात आणि त्याला याच तंत्रनिकेतनात यायचं आहे. तोवर जून आणि जुलै मिळून रिकाम्या कॉटचे 2400 रुपये भरावे लागतील. एक महिना दिनेश भरतो आहे, एक आम्ही.